खांबेट्यांच्या शेडमधलं कोकम सरबत

आमच्या शेजारच्या मंदार खांबेट्यांकडे तुम्ही साधं पाणी मागितलंत, तरी ते आधी भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघतात. पाणी स्क्रीनवर नसतं. मग ते जरा खट्टू होतात आणि "सध्या उपलब्ध" म्हणून तीन नावं वाचून दाखवतात. तिन्ही बिअरची असतात.

ही बिअर ते घरी करतात. इथे परदेशात, ल्यूकन गावातल्या आमच्या वसाहतीत सगळी घरं एकसारखी, मागच्या बागा एकसारख्या आणि प्रत्येक बागेत एक लाकडी शेड. बाकीचे लोक शेडमध्ये गवत कापायचं यंत्र ठेवतात. खांबेट्यांनी तिथे तीन पिंपं, तीन नळ आणि दोन बाकं मांडली. गंमत म्हणजे हा गृहस्थ स्वतः थेंबभरही घेत नाही. चव बघायचं काम पलीकडच्या घरातल्या नोएलकडे. नोएल बसचा रिटायर्ड ड्रायव्हर. त्याला सगळ्याच बिअर 'ग्रँड' लागतात, त्यामुळे त्याच्या अभिप्रायाचा उपयोग शून्य.

बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार झाली. कुठल्या नळाला कुठली बिअर, हे सांगणारा स्क्रीन तयार व्हायला मात्र अख्खा उन्हाळा गेला. जुना टीव्ही भिंतीवर टांगून त्याच्या पाठीला त्यांनी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर चिकटवला. पिंपांखाली वजनकाटे बसवले. ग्लास भरला की काट्यावरचं वजन उतरतं आणि स्क्रीनवरच्या पिंपातला रंग तेवढाच खाली येतो. हे चालतं तेव्हा बघण्यासारखं असतं. बंद पडतं तेव्हा खांबेटे बघण्यासारखे असतात.

"तीन नळांवर तीन चिठ्ठ्या चिकटवल्या असत्या तर?" मी एकदा विचारलं.

"चिठ्ठी अपडेट होत नाही," ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

उद्घाटनाच्या शुक्रवारी आम्ही सात-आठ जण ग्लास घेऊन बाकांवर बसलो होतो. कॉम्प्युटरने नेमकं तेव्हाच स्वतःला अपडेट करायला घेतलं. खांबेटे कुणाला नळाला हात लावू देईनात. "सिस्टिमला बोलू द्या!" हे त्यांचं पालुपद. स्क्रीनवर नाव आल्याशिवाय त्यांच्या लेखी पिंपात बिअरच नव्हती. शेवटी नोएल म्हणाला, "ग्रँड, सिस्टिम बोलेपर्यंत मी पितो," आणि त्याने सरळ नळ उघडला. स्क्रीन काळाच होता, तरी बिअर आली. खांबेट्यांना हा विश्वासघात वाटला.

बिअरना त्यांनी नावंही आपल्या चिपळूणकडची दिली होती. फिकट ती वाशिष्ठी, तांबडी ती गुहागर, काळीकुट्ट ती कुंभार्ली घाट. नोएल म्हणायचा, "आज घाट चढायचाय मला." मग आम्ही सगळेच चढायचो. खांबेटे हातात संत्र्याचा रस घेऊन आमच्याकडे कौतुकाने बघत बसायचे. लग्न राहून गेलेला माणूस, घरात एरवी कुणाचा आवाज नाही. शुक्रवारी मात्र शेडमधून हसण्याचा गलका थेट आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

अशात त्यांच्या आईंचा व्हिसा आला.

खांबेटे संध्याकाळी आमच्या दारात उभे. चेहरा उतरलेला. "आईला हे कळलं तर ती कोलमडेल हो," म्हणाले. त्यांचे वडील प्यायचे, पिऊनच गेले, आणि आईंनी ते सगळं निमूट सोसलं, एवढं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. ज्या वस्तूने तिचा संसार नासला, ती आपण घरात बनवतो, हे तिला कसं सांगायचं? शेड तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून लख्ख दिसते.

यावर त्यांनी चार दिवस खपून जो उपाय काढला त्याचं नाव 'आई मोड'. फोनवरचं बटण दाबलं की स्क्रीनवरची वाशिष्ठी जाऊन लिंबू सरबत यायचं, गुहागरचं कोकम सरबत व्हायचं आणि कुंभार्ली घाटाचा आवळा.

"मग पिंपांतही सरबतच भरा ना," मी म्हणालो.

"कशाला? सिस्टिम सरबतच म्हणतेय."

त्यांनी मला स्क्रीन दाखवला. माझा विश्वास बसल्याशिवाय सोडेनात.

आई आल्या. बारीक, ताठ, बोलायला खणखणीत. पहिल्या शुक्रवारी खांबेट्यांनी मला जेवायला बोलावलं आणि बाकी सगळ्यांना येऊ नका असा मेसेज टाकला. नोएल मेसेज बघत नाही. आम्ही पानावरून उठतोय तोच तो मागच्या फाटकातून थेट शेडमध्ये शिरला.

"तो कोण रे? चल, बघू," म्हणत आई निघाल्याच. खांबेट्यांनी खिशातल्या खिशात बटण दाबलं. शेडमध्ये पोचलो तेव्हा स्क्रीनवर तिन्ही सरबतं झळकत होती.

आईंनी चष्मा सावरून वाचलं. "कोकम आहे होय? दे रे मंद्या, घोटभर. प्रवासाने पित्त झालंय."

खांबेटे स्क्रीनकडे बघायला लागले. नोएलला भाषा कळली नाही, पण आईंचं बोट कळलं. त्याने अदबीने तांबड्या नळाचा ग्लास भरून त्यांच्या हातात दिला.

"कोकमाला फेस कशाने आला?" आईंनी विचारलं आणि ग्लास नाकाशी नेला.

त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. ग्लास बाकावर ठेवून त्या म्हणाल्या, "मंद्या, हा वास मला शिकवू नकोस. तू घेतोस?"

"नाही गं आई. शपथ."

नोएलने मला कोपराने ढोसून काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं. तो उठून उभा राहिला आणि आईंना म्हणाला, "हा? कधीच नाही! आम्ही आग्रह करून थकलो." मी तेही मराठीत सांगितलं.

"मग करतोस कशाला मेल्या?"

खांबेट्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सिस्टिमला मध्ये न घेता उत्तर दिलं. "ही माणसं येतात म्हणून. इथे लोक पबात भेटतात. मी तिथे रस घेऊन बसायचो, कुणी फारसं बोलायचं नाही. इथे ती माझ्याकडे येतात. ती गेली की पुढच्या शुक्रवारपर्यंत घरात कुणी नसतं."

आई तडक घरात गेल्या. खांबेटे बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. नोएलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यांचे चार दिवस वाया गेले म्हणून हसूही येत होतं.

थोड्या वेळाने आई परत आल्या. हातात ताटभर तळलेले फणसाचे गरे. ते त्यांनी नोएलपुढे सरकवले. "रिकाम्या पोटी पिऊ नये म्हणावं त्याला."

मग त्या लेकाला खेटून बसल्या. "तुझे बाबा दार लावून एकटे प्यायचे रे," म्हणाल्या. "कुणी यायचं नाही आपल्याकडे. मलाच वाटायचं, कुणीतरी यावं." त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बाकीच्यांना का नाही बोलावलंस? बोलाव. गरे पुष्कळ आणलेत मी."