रंगनाथअण्णांची निळी पट्टी

रंगनाथअण्णा सकाळी ‘राम राम’ म्हणत नसत. दारात उभं राहून विचारत, “शेठ, नमुना भरला का?” नमुना म्हणजे माझी लघवी.

दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची उमर गेली. निवृत्तीनंतर हर्सूलच्या घरी, ओट्यावर स्टोव्ह मांडून, ते गल्लीची साखर फुकट तपासत. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून काचेची नळी तापवायची. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर भरपूर.

फुकट गोष्टीवर माझा विश्वास नाही, तो यामुळेच. मी एका बिल्डरला पाण्याच्या टाक्या विकत होतो. भाव जमत आला होता, तोच अण्णा नळी नाचवत दुकानात शिरले. “शेठ, विटकरी! जिलबी बंद!” मग भावावरून मी आवाज चढवला, तर बिल्डर म्हणतो, “जाऊ द्या शेठ, साखर वाढंल.” सौदा त्याच्या भावात गेला. हे मी अजून विसरलेलो नाही.

पुढं दुष्काळ पडला. टँकर येईना, नळ्या धुवायला पाणी मिळेना. अण्णांनी नळीच रद्द केली. टीपकागद त्या औषधात भिजवून दोरीवर वाळवला आणि पट्ट्या कापल्या. “बुडवा, बघा, फेका!” पण औषधाला आच हवी. स्टोव्हवर धरली की पट्टी रंग बदलायच्या आधीच पेटायची. गल्ली हसायची, सगळ्यांत मोठ्यानं मी.

“हसा. साळूला एकटीला जमंल अशी पट्टी पायजे मला.”

साळूकाकू त्यांची बायको. एकदा माहेरी सोयगावला गेल्या, तिथं साखर चढली आणि बेशुद्धच परत आल्या. स्टोव्ह अन् नळी त्यांना झेपत नसे. तेव्हापासून अण्णांनी त्यांना माहेरी पाठवलंच नव्हतं.

आजूबाजूला वसाहती उठल्या, माझं दुकान वाढलं. एक दिवस औषधाच्या दुकानात तयार पट्ट्यांची डबी दिसली. घेतली आणि थेट ओट्यावर आपटली. “घ्या! कुणीतरी करून मोकळा झाला.”

वाटलं, भांडतील. त्यांनी काकूंच्या नमुन्यात पट्टी बुडवली. हळूहळू हिरवा रंग चढला.

“आच लागत नाय?”

“नाय.”

“धुणं-बिणं?”

“काय नाय, अण्णा.”

त्यांनी पट्टी उजेडात धरली. मग आत वळून म्हणाले, “साळू, पिशवी भर. भावाकडं जायचंय तुला.”

काकू पिठाच्या हातानं दारात आल्या. “चेष्टा करता व्हय?”

“नाय गं. हिरवी हाय तोवर ऱ्हा. तपकिरी दिसली की निघ.”

डबी पिशवीत गेली. माझीच होती, मागावीशी वाटली नाही.

काकू गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात. दाढी न केलेली, हातात धुतलेली नळी.

“शेठ, थोडा नमुना द्या की. स्टोव्ह पेटवून बसलोय.”

मी तणतणत आत गेलो आणि बाटली भरून आणली.