बंगळुरी मोरचूद

"बाय, तुझो मोरचूद लय हट्टी हा गो! अर्धो तास ढवळतंय, तरी विरघळणा नाय!"

गोकुळदास मागच्या पोफळीच्या कुळागरातून ओरडले, तेव्हा तनया चहा पीत होती. आपण मोरचूद आणल्याचं तिला आठवेना. ती धावली. पावसानं उघडीप दिल्यामुळे पोफळींवर फवारणी चालली होती. झाडावर चढणारा धाकू पाडेली पंपाची नळी घेऊन शेंड्याशी पोचला होता आणि खाली पिंपाशेजारी तिची काचेची बाटली रिकामी पडली होती.

"बाबा, हे माझे संशोधनाचे खडे!"

गोकुळदासांच्या हातातली काठी थांबली. "निळे होते म्हणान... माका वाटला, चेडवान बापाशीक बंगळुरातसून बरो मोरचूद आणलो."

वरून धाकूनं विचारलं, "मगे मारू काय नको?"

"मार आता!" तनया म्हणाली.

आठ महिने वाढवलेले खडे सोमवारी मुंबईला यंत्रावर तपासायचे आहेत, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. आई, विनोदिनी, नवऱ्यावर कडाडली, "चश्मो खंय होतो तुमचो?"

खरं तर चांगले खडे तनयाच्या पर्समध्ये कापसात सुखरूप होते. बाटलीतले बिघडलेले होते. तेच सांगायला तिनं तोंड उघडलं.

"पण बाय," गोकुळदास खालच्या आवाजात म्हणाले, "ह्या खड्यांचा तू करतस तरी काय?"

तिच्या संशोधनाच्या चार वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. ते विचारायचे जेवणाचं आणि लग्नाचं. खरं सांगितलं, तर 'मगे बरा' म्हणून ते पंपाकडे वळणार. तनयानं तोंड मिटलं आणि चुन्याच्या पोत्यावर बसली.

"त्यात तांब्याचे अणू एका ओळीत असतात, साखळीसारखे. प्रत्येक म्हणजे बारीकसं चुंबक. एकाचं तोंड वर, तर शेजारच्याचं खाली."

"कित्याक?"

"शेजाऱ्याच्या उलट वागण्यातच त्यांचं सुख."

"म्हणजे आमचो वाडो!" गोकुळदास खुलले. गोव्याचं राज्य होऊन दीड महिना झाला होता, पण वाड्यावरचा भाषेचा वाद मिटला नव्हता. गोकुळदास मराठीवाले, शेजारचा रामचंद्र कोंकणीवाला, त्याच्या पलीकडची सुमन पुन्हा मराठीवाली. "रामचंद्र उद्या मराठीवालो झालो, तर माका कोंकणीवालो होवचा लागतला!"

"जा मरे, हांव बरोवन घेतां!" हवेत लिहून घेतल्याची खूण करत रामचंद्र कुंपणापलीकडून म्हणाला. "आनी मात्सो तो बंगळुरी मोरचूद म्हाका दी."

दुपारपर्यंत सुमनही थोडा मोरचूद मागायला वाटी घेऊन आली.

"आम्ही त्यांच्यावर लहरी सोडतो," तनया जेवताना सांगत होती. "नेमकी लहर लागली की अणू डोलतात. मग कळतं, कोण कोणाला किती घट्ट धरून आहे."

"उलट तोंडा करून धरतत?"

"हो."

"आमचोच वाडो," गोकुळदास म्हणाले. मग त्यांनी कागद घेतला आणि तिच्या सरांना माफीचं पत्र लिहिलं: खडे माझ्या हातून पोफळींना गेले, मुलीचा दोष नाही. खाली वाड्याचं उदाहरणही जोडलं.

"बाबा, पत्र नको!"

"चूक माझी. तू कित्याक बोलणी खातलस?" ते छत्री घेऊन डिचोलीच्या पोस्टात गेलेही. परत आले ते नवा प्रश्न घेऊनच: ओळीतला शेवटचा अणू कोणाच्या उलट वागतो? सकाळी सांगू खरं काय ते, असं तनयानं ठरवलं.

सकाळी गोकुळदास उठले नाहीत.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावानं सरांचं उत्तर आलं. सर मूळचे पुण्याचे. विनोदिनीनं ते रामचंद्रासमोरच मोठ्यानं वाचलं. "तुमचं वाड्याचं उदाहरण मी वर्गात सांगितलं. मुलं हसली, पण साखळी पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात शिरली. खड्यांचं मनाला लावून घेऊ नका. त्या बाटलीतले टाकून द्यायला मीच सांगितलं होतं."

रामचंद्रानं खाली पाहिलं. विनोदिनी कागद मांडीवर ठेवून तनयाकडे वळली. "तुका ठावूक होता?"

"होतं."

"आणि ते दिसभर माझी बोलणी खाईत बसले! सांगूक नाय तुका?"

"ते विचारत होते गो, आई," तनया म्हणाली. "मला हवं होतं ते. त्यांनी विचारत राहावं, म्हणून नाही सांगितलं."