आक्काच्या पायाचं रेझिन

आमचे शेजारी नागूअण्णा कुठलीही वस्तू बोटाच्या पेरानं वाजवल्याशिवाय घरात घेत नाहीत. कलिंगड, माठ, दार. एकदा तर नव्या जावयाचं हेल्मेट वाजवून "पोकळ बोलतंय" म्हणाले. ते डोक्यावर होतं. जावई अजून विसरलेला नाही.

बसबॉडीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर फायबरचं काम मांडलं. काचेच्या धाग्याच्या कापडावर रेझिन, म्हणजे घट्ट होणारा चिकट रस, चढवायचं, वाळलं की वाजवायचं. आत बुडबुडा राहिला असेल तर आवाज बद्द येतो, आणि तिथूनच पाणी शिरतं.

यंदा उन्हाळ्यात मात्र त्यांना रेझिन पसंतच पडेना. बसला वापरायचं ते स्वस्तातलं त्यांनी आधीच बाद केलं आणि इपॉक्सी या महागड्या रेझिनचे नमुने आणले. एक इतकं दाट, की कापडात मुरेना. दुसरं पातळ, पण सोलापूरच्या उन्हात मगातच तापून धुरायला लागलं. खालच्या बाई बादली घेऊन धावत आल्या. शेवटी पातळ रेझिन आणि त्याला सावकाश घट्ट करणारा हार्डनर जमला. मी ब्रश धरला की म्हणायचे, "रेटू नगा सर. कापडाला पिऊ द्या की."

वाळलेले तुकडे अण्णांच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, लोणच्याच्या बरणीत, पाण्यात बुडवलेले. मग सराफ मित्राच्या काट्यावर वजन. वजन वाढलं म्हणजे तुकडा पाणी प्यायला. काकूंनी यंदा लोणचं घातलंच नाही.

"करताय तरी काय?" मी विचारलं.

"बूट," म्हणाले. बस.

मे महिन्यात ते मला वैरागला घेऊन गेले. तिथं त्यांची थोरली बहीण चंदाक्का शेती बघते. साखरेच्या आजारात तिचा एक पाय गुडघ्याखालून कापावा लागला. नकली पायात पाणी शिरतं, म्हणून तिचं वाफ्यात उतरणं बंद झालं होतं. अण्णांनी त्या पायावर चढवायचा गुडघ्याएवढा फायबरचा बूट केला होता, तळाला टायरचं रबर लावून.

चंदाक्का फावडं घेऊन भुईमुगाच्या वाफ्यात उतरली. घोटाभर पाणी.

"आक्का, आत ओलं लागतंय का?"

"त्या पायाला ओलं कुटनं कळायचं, नागू?"

अण्णांनी तिला बांधावर बसवलं, बूट काढला, आत हात घातला. बराच वेळ चाचपत राहिले. कोरडा होता.

"झालं न्हवं? जा आता घरला. मला दारं धरायची हायती," म्हणत ती पुन्हा पाण्यात उतरली आणि एका वाफ्याचं पाणी दुसऱ्याकडं वळवू लागली.

मी एसटीच्या वेळेची आठवण करून दिली. अण्णा बांधावरून उठले नाहीत.

"बसा की सर," ते म्हणाले. "लई दिसांनी दिसतीया अशी."