पट्ट्यांवरच्या आजी

रस्त्यावरचं पार्किंग सुधारायला फार अक्कल लागत नाही, मंडळी! एक छत्री, एक स्वेटर आणि माझ्यासारखा एक हुशार माणूस पुरतो. हे मी त्या दिवशी चहा घेताना बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, "तुम्ही कृपा करून काही करू नका." मी अर्थातच केलं.

माझं तयार कपड्यांचं दुकान बाजाराच्या अगदी कोपऱ्यावर. समोरच्या इमारतीत माझी आत्या राहते. तिनंच मला लहानाचं मोठं केलं आणि खरं सांगायचं तर दुकानही तीच चालवते. "हा रंग घालू नकोस, आजारी दिसशील!" असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, म्हणून लोक डोळे मिटून तिच्या भरवशावर खरेदी करतात. दुकान आणि आत्या यांच्यामध्ये फक्त एक रस्ता. ओलांडायला पांढरे पट्टेही आहेत म्हणे. पण दिसणार कसे? त्यांच्यावर कायम गाड्या उभ्या! त्यांच्या आडून माणूस बाहेर आला, की येणाऱ्याला तो एकदम बोनेटसमोरच दिसतो. मागच्या आठवड्यात एक स्कूटर आत्याच्या हातातली पिशवी घेऊन गेली. आत्या थोडक्यात वाचली.

"आता मी काही दुकानात येत नाही बाबा," ती फोनवर म्हणाली. आत्याचा आवाज इतका बारीक मी जन्मात ऐकला नव्हता.

'येथे गाडी लावू नये' अशी पाटी मी आधीच लावून पाहिली होती. तिच्यावर कुणीतरी हेल्मेट अडकवून गेलं! मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. माणूस पाटीला घाबरत नाही, पण म्हाताऱ्या बाईला घाबरत असेल का? बघायलाच हवं!

दुकानात एक जुना पुतळा पडून होता. त्याला आत्याचा दुकानात राहिलेला स्वेटर चढवला, डोक्याला स्कार्फ बांधला, हातात छत्री अडकवली आणि बाजार उघडायच्या आत पट्ट्यांच्या कडेला नेऊन उभा केला. मी काचेला नाक लावून बसलो.

पहिली गाडी आली. पट्ट्यांवर चढणार, तेवढ्यात चालकाला आजी दिसल्या. तो ओशाळला आणि चक्क पुढे गेला! दुसराही गेला! पट्टे मोकळे! मी दुकानात एकटाच नाचलो.

मग एक सज्जन आला. त्यानं गाडी थांबवली आणि काच खाली करून म्हणाला, "या आजी, सावकाश या."

आजी कशाला येतात!

"या हो, मी थांबलोय!"

मागून हॉर्न वाजले. "आंधळे आहात का? आजींना जाऊ द्या ना!" सज्जन खेकसला. बघता बघता रांग पार वळणापर्यंत गेली. शेजारचा न्हावी वस्तरा घेऊनच धावत आला; अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्या मागे!

"घाबरून दातखीळ बसलीय त्यांची," न्हावी म्हणाला.

"पाणी आणा!" गिऱ्हाईक ओरडलं.

मी बाहेर पडून सांगणार होतो, देवाशप्पथ! पण तोवर वाहतूक पोलीस आला. "चला आजी, मी नेतो," म्हणत त्यानं प्रेमानं हात धरला आणि ओढला.

हात त्याच्याबरोबर गेला. आजी जागेवरच राहिल्या.

काय ती किंकाळी! कुणाची ते विचारू नका, पोलिसाला वाईट वाटेल. न्हावी तर मटकन खालीच बसला. आणि समोरच्या गॅलरीतून आत्याचा आवाज आला, "अरे मेल्या, माझा स्वेटर!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पोलिसानं मला भरपूर झापलं. पण झापता झापता तो थबकला. "इथे गाड्या नसल्या की पलीकडचं सगळं दिसतं की हो!" दोनच दिवसांत पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना खांब उभे राहिले. गाड्या लावणं बंद! मी आत्याला रुबाबात फोन केला, "ये आता, राणीसारखी ये!"

आत्या आली. पट्ट्यांपाशी उभी राहिली. तोच स्वेटर, तीच छत्री. गाडी आली आणि भुर्रकन निघून गेली. दुसरीही तशीच. तिसरीतला माणूस बायकोला म्हणाला, "अगं, तोच तो दुकानवाल्याचा पुतळा!" आत्यानं छत्री हलवली. "बघ, आता हलणारा आणलाय!" तो म्हणाला.

मग आत्याचं तोंड सुटलं. असं सुटलं, की दोन्हीकडच्या गाड्या जागच्या जागी थिजल्या. पुतळा एवढं बोलूच शकत नाही, याची सगळ्यांना खात्री पटली.

आता आत्या रोज सुखरूप दुकानात येते. जिवंत आहे हे कळावं म्हणून रस्ता ओलांडताना मोठमोठ्यानं शिव्या देत येते. गाड्या अदबीनं थांबतात. शिव्या मात्र सगळ्या माझ्या नावानं असतात.