उखर्डूनाना आणि पाच तारे

उखर्डूनानांनी आयुष्यात कधी वरची जिलेबी उचलली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी ताट पुढे धरायचा, नाना त्या ढिगात बोटं घालून मधलीच एक ओढून काढायचे आणि वरच्या सगळ्या घरंगळून शेजारच्याच्या वरणात पडायच्या. त्यामुळे आमच्या गल्लीत नानांच्या शेजारी जेवायला कोणी बसत नसे.

यात त्यांचा दोष नव्हता. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये त्यांनी चौतीस वर्षं नमुना काढायचं काम केलं होतं. तुरीची पोती आली की पोकळ टोकदार सळई पोत्याच्या पोटात खुपसायची, मधले दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि निकाल द्यायचा. निकाल तीनच, आणि तेही अहिराणीत. "परत", "चालस" आणि "ठीक शे". 'ठीक शे' च्या वर नानांकडे काहीच नव्हतं. रिटायर झाल्यावर मिलने त्यांना ती सळई भेट दिली, आणि नाना ती पेनसारखी सदऱ्याच्या खिशाला लावून हिंडू लागले. कोणी कशाचं कौतुक करू लागलं की म्हणायचे, "वरलं राहू दे. मझारलं दखाड." आतलं दाखव.

हिवाळ्यात एकदा शेतावर भरीत-पार्टी होती. यजमान प्रत्येकाला "कसं झालंय?" विचारत होता आणि आम्ही सगळे "एक नंबर" म्हणत होतो. नानांनी घास घेतला, डोळे मिटले. "वांगं ठीक शे. तेल जास्त व्हयनं. अन् मिरची कोनी तरी रागमा कुटेल शे." चुलीपाशी बसलेली यजमानाची बायको तेवढ्यात उठून आत गेली. दोघांचं सकाळीच वाजलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

नानांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती. पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, इंटरनेट जळगावात नुकतंच आलं होतं आणि मी स्वतःला मोठा सॉफ्टवेअरवाला समजत होतो. केळीच्या बागेला ठिबकने किती पाणी द्यायचं, हे सांगणारा एक प्रोग्रॅम मी लिहिला होता. जगभरचे लोक जिथून प्रोग्रॅम उतरवून घेतात अशा एका साइटवर तो चढवला. फोनची लाइन तीनदा तुटली, चांगला पाऊण तास गेला. शेवटी चढला. आईने चहा आणला आणि मी पहिला घोट घेतो न घेतो तोच मेल आला. माझ्या प्रोग्रॅमला त्या साइटचा पाच ताऱ्यांचा पुरस्कार मिळाला होता.

मी रंगीत प्रिंट काढून फ्रेम केली. पेपरात बातमी आली, 'जळगावच्या तरुणाचा अमेरिकेत डंका'. मित्रमंडळाने शाल-श्रीफळ दिलं. नाना पहिल्या रांगेत होते. भाषणं चालू असताना त्यांनी माझ्या शालीचा एक धागा ओढून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ते क्लासमध्ये येऊन फ्रेमसमोर उभे राहिले.

"चढवाले किती वेळ लागना?"

"पाऊण तास."

"अन् बक्षीस कवय उनं?"

"लगेच. चहा प्यायच्या आत. त्यांची लाइन फास्ट असते, नाना."

"लाइन फास्ट. वाचनारा माणूस बी फास्ट शे का?"

मग त्यांनी मला त्या साइटवरचा अभिप्राय वाचायला लावला. त्यात लिहिलं होतं की या प्रोग्रॅममधलं संगीत सुरेल आहे आणि घरातल्या लहानथोरांनी खेळावा असा हा खेळ आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये आवाज एकच होता, आकडा चुकला की वाजणारा 'टुक'. आणि मेलच्या तळाशी एक अट होती. पुरस्काराचं चित्र मी माझ्या पानावर लावायचं, त्यावर टिचकी मारली की माणूस त्यांच्या साइटवर गेला पाहिजे.

"म्हणजे त्यांनी तुला बक्षीस नही दिलं," नाना म्हणाले. "तुझ्या भिंतीवर त्यांची पाटी लावली."

मला इतका राग आला की आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. राग येण्याचं कारण ते खोटं बोलले हे नव्हतं, हे मी आता कबूल करतो. फ्रेम तिथेच राहू दिली.

कारण मला तिची गरज होती. 'क्लास म्हणजे काही नोकरी नाही' असं म्हणून दोन स्थळं परत गेली होती. तिसरं धुळ्याचं होतं आणि मला ती मुलगी मनापासून आवडली होती. बातमी वाचून सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं, पण तो प्रोग्रॅम नेमकं काय करतो हे विचारणारी ती एकटीच. तिचे वडील वामनगुरुजी, रिटायर हेडमास्तर. त्यांनी सांगितलं, पुरस्काराचं वाचलं, छानच आहे, मी एकदा चौकशी करून कळवतो.

चौकशी म्हणजे काय हे सांगायला नको. मुलीकडचे न कळवता येतात आणि गल्लीत विचारतात, मुलगा कसा आहे. गल्ली सांगते, हिरा आहे. कोणाचं लग्न मोडायचं पाप कोण घेणार? आमच्या गल्लीतल्या एका मुलाला तीनदा पोलीस घेऊन गेले होते, त्याच्याबद्दलही गल्लीने 'त्याच्या ओळखी फार वरपर्यंत आहेत' असं सांगून त्याचं जमवून दिलं होतं. मला भीती गल्लीची नव्हती. आईलाही नव्हती. म्हणूनच तिने नानांकडे खापरावरची पुरणपोळी पाठवली. ताट धुऊन परत आलं आणि सोबत निरोप, "पुरण ठीक शे. पण कारण काय?"

एका रविवारी गुरुजी आले. पानवाला, इस्त्रीवाला, समोरचे जोशी, सगळ्यांकडे जाऊन छोट्या डायरीत लिहून घेत होते. आणि शेवटी नानांच्या ओट्यावर जाऊन बसले. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या ओट्यावरच उघडते. मी आणि आई तिथे कान देऊन उभे राहिलो.

"सगळे हिराच म्हणतात," गुरुजी म्हणाले. "पानवाला म्हणाला, खरं ऐकायचं असेल तर नानांकडे जा, पण शक्यतो जाऊ नका."

नाना पाहुण्यांशी जरा शहरी बोलायचा प्रयत्न करत. "विचारा," ते म्हणाले.

"तो अमेरिकेचा पुरस्कार कसा आहे?"

"खोटा शे. त्यांनी ते उघडून बी पाहिलं नही. पोराला वाटलं, खरा शे. आता त्याला माहीत शे, पण उतरवत नही."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो साइटवाला. गुरुजींनी डायरीत काहीतरी खोडलं.

"बरं. आणि मुलगा, सुनील?"

नानांनी खिशातली सळई काढली, पुसली, परत लावली. मग म्हणाले, "त्याचं दुसऱ्या कोणाला विचारा."

चौकशीत शेजाऱ्याने असं म्हणणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. आई भिंतीला टेकून खाली बसली. गुरुजींनी डायरी मिटली, टोपी सारखी केली. "समजलो मी," असं म्हणून ते उठले.

"नही समजले तुम्ही. बसा." नानांचं शहरी बोलणं तिथे सुटलं. "मिलमा चौतीस वरीस मी नमुना काढा. एकच दिवस नही काढा. शिंदखेडाथून मना भाऊनी गाडी उनी, तूर लिसन. मी शेठले सांगं, आज दुसरा माणूस बसाड. घरना मालना नमुना घरना माणूसनी काढाना नही. त्याले खराब दिसतंच नही."

गुरुजी परत बसले. "तूर खराब होती का भावाची?"

"माले काय माहीत. मी देखीच नही."

"सुनील तुमचा कोण लागतो?"

"कोनी नही," नाना म्हणाले. "भिंत एक शे."

मी गुरुजींना द्यायच्या चहाचे कप हातात घेऊन खिडकीत उभा होतो, आणि मला बाहेर जाता येईना. रोज संध्याकाळी नाना क्लासच्या दारातल्या बाकावर येऊन बसत आणि मुलं जाईपर्यंत हलत नसत. ते माझ्या शिकवण्याचा नमुना काढतात असंच मला इतकी वर्षं वाटत होतं. नानी गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, भाऊही गेला होता, हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून कधी कळलं नव्हतं. मला माझी फार लाज वाटली. फ्रेम मी त्याच दुपारी उतरवली.

गुरुजींनी चार दिवसांनी होकार कळवला.

लग्न धुळ्याला झालं. माझे वडील मी लहान असतानाच गेले, म्हणून व्याहीभेटीला चोपड्याचे काका नवी टोपी घालून पुढे उभे होते. गुरुजी टॉवेल-टोपी घेऊन निघाले, काकांना नमस्कार केला आणि तसेच पुढे, मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेले. नाना तिथे खुर्चीवर होते.

"मी नही," नाना घाईघाईने उठत म्हणाले. "काका तठे उभा शेत."

"मी त्यांनाच विचारून आलोय," गुरुजी म्हणाले. त्यांनी नानांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्यांना मिठी मारली.

नानांचे हात तसेच लोंबकळत राहिले. मिठीत हात कुठे ठेवतात, ते बहुतेक विसरले होते. मग एक हात वर आला, मग दुसरा. वाजंत्री वाजून थांबली, फोटोवाल्याने दोन फोटो काढले, काकांनी घड्याळ पाहिलं, तरी नाना काही सोडेनात. शेवटी गुरुजींनीच त्यांच्या पाठीवर हळूच थोपटलं, तेव्हा कुठे त्यांनी हात काढले.