कालव्याच्या पुलावरील गिटारीची मोहीम

मौजे सांगवी, तालुके बारामती येथील ऊसकरी आबासाहेब यांस कैलासवास होऊन वर्ष पुरे होत आले, ते समयी त्यांच्या ओठांवरील एका शिळेच्या शोधार्थ घरच्यांनी जी मोहीम केली, तिचा मजकूर जैसा घडला तैसा लिहिला. अधिकउणे वाचणारांनी पदरात घ्यावे.

आबासाहेब तरुणपणी पुण्यास शिकावयास गेले, पदवी तेथेच राहिली, आणि प्रोग्रेसिव्ह रॉक नामे विलायती संगीताच्या कॅसेटींचा खोका मात्र घेऊन परतले. या संगीताचा दस्तूर ऐसा की एकेक गाणे म्हणजे अर्ध्या कॅसेटीचा मुलूख, त्यात ढोलांचा तोफखाना आणि विजेच्या गिटारींचे घोडदळ, आणि मग मध्येच आडरानात साध्या लाकडी गिटारीची निवांत चाल. त्यातलीच एक चाल आबासाहेब खासे शिळेवर वाजवीत. स्वारी गेली आणि त्यांच्या पत्नी मातोश्री फुलाबाईंस त्यांचा खोकला आठवे, चहा ओरपणे आठवे, शीळ आठवेना. "माणूस गेलं ते गेलं, शीळ कुठं गेली?" ऐसा सवाल त्यांनी भर ओसरीत केला, आणि वर्षश्राद्धापूर्वी ती हजर करावी ऐसे फर्मान सुटले.

मग कन्या संजीवनीबाई इंदापुराहून टेप घेऊन दाखल जाहल्या, आणि बंधू इंद्रजितराव यांसह खोक्यास वेढा घातला, आणि प्रत्येक गाण्याचा आरंभ ऐकावा, ढोल वाजताच बाद करावे, ऐसी शहाणपणाची मसलत ठरली. त्या शहाणपणात तमाम खोका बाद जाहला. चुलते दादासाहेब कान झाकून पुसते जाहले, "ही गाणी हायती का मळणी मशीन?"

तेव्हा मातोश्री वदल्या, "हितं घरात न्हाय घावायची. ती पुलावं असती."

खुलासा ऐसा की आबासाहेब ऊस भरून भवानीनगरच्या कारखान्यास निघत, घरच्या फाटकात ट्रॅक्टरचा टेप लावीत, आणि कालव्याच्या पुलावर इंजिन बंद करीत. लोक समजत, तंबाखू मळतात. मातोश्री मडगार्डवर बसत, त्यांस ठाऊक होते की तेथे शीळ घालतात. ट्रॅक्टरच्या टेपात हात घालून पाहता ती कॅसेट अद्याप आतच होती.

मग इंद्रजितरावांनी कॅसेट मागे फिरविली आणि फाटकातून रिकामा ट्रॅक्टर दौडविला, पूल गाठला, इंजिन बंद केले, तो टेपात ढोलांची ऐन रणधुमाळी. शिकस्त जाहली. मातोश्रींनी मडगार्डवरूनच हुकूम केला, "तुझा बा असा कधी पळला न्हाय. जा, ट्रॉल्या भरून आण."

दुसरे दिवशी दोन ट्रॉल्या उसाने भरून, कॅसेट फिरवून, संजीवनीबाईंसही सोबत घेऊन कूच जाहले. ट्रॅक्टर कण्हत, ढोल गर्जत, पूल आला. इंजिन थांबले, शेवटचा ढोल विरला, आणि लाकडी गिटार वाजू लागली.

मागे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग तुंबली, भोंगे वाजू लागले. एक शूर ओरडला, "आवं, डिझेल संपलं का?"

"थांब की मुडद्या," मातोश्री गरजल्या, "माझा नवरा वाजतोय!"

रांगेतले सर्व भोंगे गप्प जाहले. मग मातोश्रींनी ओठांचा चंबू करून शीळ घातली. तीत वारा फार, सूर थोडा, परंतु चाल तीच. संजीवनीबाई कालव्याच्या पाण्याकडे पाहत राहिल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, शीळ घरात जमा जाहली. मूळ शीळ घालणारांस हजर करण्याचे फर्मान नव्हते, सबब त्याविषयी लिहिणे नाही.