पेनवेलिनचे गंधे मास्तर

इथल्या मराठी मंडळात उकडीच्या मोदकांची स्पर्धा होती. पहिलं बक्षीस जाहीर झालं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. लोक ताटांकडं वळले, तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक वाळका म्हातारा उठला आणि त्यानं खणखणीत आवाजात विचारलं, "पडलं कोण?"

ताटं हातात धरून लोक मागं वळले.

"शेवटचा नंबर कुणाचा? नाव सांगा."

युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या एका पोरीनं लाजत हात वर केला. तिचे मोदक उकडतानाच फुटले होते. म्हातारा तिच्याकडं गेला, हात मिळवला, "उभ्या राहिलात, नोंद घेतली आहे," म्हणाला आणि तिचे तीन फुटके मोदक उभ्या उभ्या खाल्ले.

माझी सून शीतल माझ्या कानाशी लागली. "अण्णा, ते गंधेकाका. त्यांच्या शेजारी बसू नका हां. पेनवेलिन सुरू करतील."

मला कुणी अमुक करू नका म्हटलं की मी पहिलं तेच करतो. जाऊन बसलो.

मी चौथी पास गवंडी. सांगलीकडचा. हयात वीट-सिमेंटात गेली आणि आता म्हातारपणी अमेरिकेत ॲन आर्बरला पोराकडं राहतो. इथली घरं लाकडाची. भिंतीवर टिचकी मारली तर डब्यासारखी वाजते. अशा भिंतींच्या गावात माझं काय काम, असं वाटायचं. पण गंधे मास्तर भेटले आणि दिवस सरायला लागले. मास्तर मीच म्हणतो त्यांना. तसे ते युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पुस्तकं जागेवर लावायच्या नोकरीत होते, आता रिटायर. एकटेच राहतात. लग्न केलं नाही.

तर पेनवेलिन. इंग्लंडच्या कडेला वेल्स म्हणून डोंगराळ मुलूख आहे. मेंढ्या, कोळशाच्या खाणी आणि पाऊस. त्या मुलखातला एक खासदारकीचा मतदारसंघ म्हणजे पेनवेलिन. मास्तर विसाव्या वर्षी विमानात बसून इथं पीएचडी करायला आले, तेव्हा विषय म्हणून तो घेतला. का घेतला? "छोटा होता, लवकर संपेल असं वाटलं," म्हणतात. पण प्रबंध पुरा करत आणला की तिकडं नवीन निवडणूक लागायची. मग शेवटचं प्रकरण पुन्हा लिहा. असं करता करता मार्गदर्शक रिटायर झाला, टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, आणि एक दिवस तिकडच्या सरकारनं मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या. निम्मं पेनवेलिन एका शेजाऱ्याला, निम्मं दुसऱ्याला. पेनवेलिन संपलं. मास्तर त्या दिवशी काळा टाय लावून लायब्ररीत गेले होते. कुणी विचारलं तर "घरचं माणूस गेलं" एवढंच सांगितलं. लोकांनी त्यांना फुलं पाठवली.

"मग आता प्रबंध पुरा करा की," मी म्हणालो.

"आता घाई काय आहे?" मास्तर म्हणाले.

त्यांच्या घरी बुटांच्या खोक्यांत कार्डं आहेत. निवडून आलेल्यांचं खोकं एकच. बाकी सगळी खोकी पडलेल्यांची. एकदा म्हणे तिथले तिन्ही उमेदवार जोन्स. मी म्हणालो, त्यात काय, आमच्याकडं पाचही पाटील असतात. हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी लगेच लिहून घेतलं. एक मेंढपाळ सात वेळा उभा राहिला आणि सातही वेळा त्याची अनामत गेली. एक शाळामास्तर हातापायाच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच मतांनी पडला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी शाळेत हजर झाला. मास्तर हे असं सांगतात, जणू परवा त्याच्याबरोबर चहा घेऊन आलेत. आणि वाण्याच्या दुकानातही तीच तऱ्हा. "अण्णा, नोंद घ्या, वांगी मागच्या खेपेपेक्षा लहान."

"तुम्ही गेला होता का कधी तिकडं?" मी विचारलं.

"नाही."

"पन्नास वर्षांत एकदाही?"

"गेलो असतो तर कुणाची तरी बाजू घेतली असती."

एक गोष्ट मात्र त्यांनी मला अशी सांगितली की मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तिकडं मोजणीच्या आधी सगळ्या गावांच्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकमेकांत मिसळतात. म्हणजे कुठल्या गावानं कुणाला मत दिलं, हे कुणालाच कळत नाही.

"मग दगा कुणी दिला ते कळणार कसं?"

"कळू नये म्हणूनच, अण्णा."

मी अमेरिकेत कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी मास्तरांना सांगितलं. मी एकदा ग्रामपंचायतीला उभा होतो. आमच्या वॉर्डात पेट्या दोन, एक खालच्या आळीची आणि एक वरच्या आळीची. खालच्या आळीनं मला भरभरून मतं दिली. वरची आळी माझ्या भावकीची. तिच्या पेटीनं मला पाडलं. तेव्हापासून सख्ख्या चुलतभावाच्या दारात मी पाय ठेवलेला नाही. त्या दोन पेट्या मिसळल्या असत्या तर आम्ही दोघं अजून एका पंगतीला बसलो असतो.  ऐकून झाल्यावर मास्तर म्हणाले, "दुसऱ्या दिवशी कामावर गेलात?"

"गेलो की. गिलावा अर्धा राहिला होता."

"छान केलंत," म्हणाले. इतकी वर्षं ही गोष्ट मी छातीवर दगडासारखी ठेवली होती. तिला 'छान' म्हणणारा हा पहिलाच माणूस.

मग मी सहज विचारलं, "मास्तर, इथं तुम्ही मत कुणाला देता?"

"मी मत दिलेलं नाही."

"यंदा?"

"कधीच."

मला खरंच वाटेना. भारतात तेव्हा मताला एकवीस वर्षं पुरी लागायची आणि हे विसाव्या वर्षीच निघाले. इथं पुढं कित्येक वर्षं ग्रीन कार्डावर काढली, आणि त्या कार्डावर मत नसतं. दर दहा वर्षांनी कार्ड बदलायचा कंटाळा आला म्हणून म्हातारपणी नागरिक झाले. यादीत नाव आलं. तरी हा माणूस घरीच.

आता माझं ऐका. आमच्या गावात मी उभा असो वा दुसरा कुणी, माझ्या आळीतलं एक माणूस मतदानाच्या दिवशी घरी राहिलेलं नाही. खाटेवर घालून आणलेत लोक. मी त्यांना तोंडावर सांगितलं, "मास्तर, तुमच्याकडून मत टाकून घेईन, नाहीतर गवंडी म्हणून नाव सांगणार नाही."

ऑगस्टात एक लहानशी निवडणूक झाली. मतदान होतं त्या शाळेच्या दारापर्यंत मी त्यांना नेलं. त्यांनी पायपुसण्यावर बूट पुसले, आत डोकावले, "नोंद घ्या, रांग नाही," म्हणाले आणि मागं फिरले.

मी रस्त्यातच ओरडलो. "लाज वाटते का? जगाच्या निवडणुका पाठ, आणि स्वतःचं एक मत टाकवत नाही? आमची खाटेवरची माणसं बरी!"

मास्तर थांबले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "अण्णा, त्या खाटेवरच्या माणसाकडं तुम्ही गेला होतात ना? म्हणून तो आला. माझ्याकडं मत मागायला आजवर कुणी आलेलं नाही."

त्यांच्या इमारतीचं खालचं दार कायम बंद असतं. मत मागत फिरणारे बंगल्या-बंगल्यांतून जातात, ह्या इमारतीत वर कुणी चढत नाही. आधी यादीत नाव नाही म्हणून कुणी आलं नाही, आता दार बंद म्हणून. बाकी सगळ्या कारणांच्या खाली हे एवढंच होतं.  आम्ही बसमध्ये शेजारी बसून घरी आलो.

ऑक्टोबरात एका दुपारी आमची बेल वाजली. दारात लिंडा नावाची बाई, हातात कागद. इथं शाळांचा कारभार बघणारं बोर्डही मतं टाकून निवडतात, त्याला ती उभी होती. शीतल तिच्याशी बोलली, मत देते म्हणाली. बाई निघाली तसे मी पायात बूट घातले.

"वेट. वन मॅन. वन व्होट. कम."

"अण्णा, सोडा तिला, उशीर होतोय तिला!" शीतल मागून.

"मत हवंय ना तिला? मग मत तिकडं आहे!"

बाई हसली आणि खरंच आली. दोन गल्ल्या चालून आम्ही मास्तरांच्या इमारतीपाशी पोचलो. मी बेल दाबून ठेवली ती दार उघडेपर्यंत सोडली नाही. वर मास्तर स्वेटर घालून दारात उभे. लिंडाबाईनं आपलं नाव सांगितलं, चार वाक्यं बोलली, आणि शेवटी त्यांच्याकडं बघून काहीतरी विचारलं.  मास्तरांनी तिला तेच पुन्हा म्हणायला लावलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मिस्टर गंधे, मला तुमचं मत हवंय."

त्यांनी तिला बसवलं आणि चहा केला. साखर दोनदा घातली. शाळांबद्दल बारीक बारीक विचारत राहिले, शीतल म्हणते तसं एकदम सीरियसली. तासभर बाई बसली होती, भिंतीवर त्या मतदारसंघाचा हा एवढा नकाशा टांगलेला, पण मास्तरांनी पेनवेलिनचं नाव काढलं नाही.

मतदानाच्या दिवशी ते कोट घालून आले. मी शाळेबाहेरच्या बाकावर थंडीत बसून राहिलो, कारण मला इथं मत नाही. पाऊण तासानं बाहेर आले, कोटावर मत दिल्याचं चिकटपत्र.

"एवढा वेळ? कुणाला दिलं?"

"गुप्त असतं, अण्णा," म्हणाले आणि पुढं चालायला लागले. चाल अशी, की मला गाठायला धाप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "पडली."

"कोण?"

"आपली."

इतक्या दिवसांत इतकी माणसं त्यांच्या तोंडून पडलेली ऐकली मी, 'आपलं' एकही नव्हतं. मला वाटलं, म्हातारा आता खचणार. तर म्हणाले, "मी तिला फोन केला होता. पुन्हा उभी राहणार आहे. अण्णा, मत मागायचं कसं, ते मला शिकवा."

"त्यात काय शिकवायचं? दार वाजवायचं, नाव सांगायचं, आणि माणसाच्या डोळ्यांत बघायचं. चपलांकडं नाही. आत या म्हटलं तर मत मागून झाल्यावरच आत जायचं."

फोन ठेवला आणि मी चहा ओतून घेतला. अर्ध्या तासानं आमचं दार वाजलं. शीतलनं उघडलं. बाहेर मास्तर उभे, टोपीवर भुरभुर बर्फ, कोटाची सगळी बटणं लावलेली.

"अय्या, काका! या ना आत, केवढी थंडी आहे!"

"नमस्कार," मास्तर म्हणाले. आधी तिच्या चपलांकडं बघितलं, मग मान वर केली. "माझं नाव वासुदेव गंधे. मी इथंच राहतो."